एचआयव्ही प्रतिबंध : तरुणींच्या हाती येणारी साधने आणि सोलापूरचे दवाखाने

सोलापूर - विवाहित स्त्रीला एचआयव्हीचा धोका नाही, हा समज महाराष्ट्रातच, पुण्यात झालेल्या एका अभ्यासाने खोटा ठरविला. भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या, म्हणजेच 'नारी'च्या शास्त्रज्ञांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात एचआयव्हीचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. ही गोष्ट अनपेक्षित नव्हती. धक्का दिला तो उरलेल्या ३९१ स्त्रियांच्या आकड्याने. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. तरीही त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध १९९७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षाचा अर्थ सरळ होता. संयम पाळा, जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, निरोध वापरा, या तीन सूचनांवर त्या काळातील सारी प्रतिबंध मोहीम उभी होती. पुण्याच्या दवाखान्यातील त्या स्त्रियांनी पहिल्या दोन्ही सूचना तंतोतंत पाळल्या होत्या. तिसरी पाळणे त्यांच्या हातात नव्हते, कारण निरोध वापरायचा की नाही हे पती ठरवतो. त्यानंतरच्या काळात जगभर जे संशोधन झाले, त्यातील मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरला : पुरुषाच्या संमतीवाचून, शक्य तर त्याच्या नकळत, स्त्रीला स्वतःचे संरक्षण करता येईल असे साधन कोणते? आज त्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे आहेत. ती सोलापूरसारख्या जिल्ह्यातील तरुणीपर्यंत कोणत्या दारातून पोहोचणार, हा मात्र अद्याप पुरता न सुटलेला प्रश्न आहे.

सोलापूरचीच गोष्ट का?

पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजापूर हे दोन मोठे महामार्ग सोलापुरात एकमेकांना छेदतात. मालमोटारींची अखंड ये-जा, यंत्रमागावर काम करणारे कामगार, साखर कारखान्यांच्या हंगामात जिल्ह्यात उतरणाऱ्या ऊसतोडणी टोळ्या, पंढरपूरच्या वाऱ्या, यांमुळे हा जिल्हा सतत हलता राहिला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ ते २०१२ या तिसऱ्या टप्प्यात सोलापूरचा समावेश अधिक प्रादुर्भावाच्या 'अ' गटातील जिल्ह्यांत करण्यात आला होता. त्यानंतर राज्यात आणि देशात परिस्थिती पुष्कळ सुधारली. 'नाको'च्या २०२३ च्या अंदाजानुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२० टक्के असून सुमारे २५ लाख ४० हजार लोक हा विषाणू घेऊन जगत आहेत. त्यांच्यात स्त्रियांचा वाटा सुमारे ४४ टक्के आहे आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र पहिला आहे. म्हणजे साथ ओसरली, पण संपली नाही.

सोलापूरचे दुसरे वैशिष्ट्य आरोग्य खात्याच्या नव्हे, तर लग्नाच्या आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ मधील पाचव्या फेरीत, २० ते २४ वर्षे वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते, त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. सोलापूर जिल्ह्यात ते सुमारे ४० टक्के निघाले. परभणी आणि बीड यांच्याबरोबर सोलापूरचे नाव या यादीत वरच्या बाजूला होते. सतराव्या वर्षी सासरी आलेल्या मुलीने वयाने पाच-सात वर्षांनी मोठ्या असलेल्या नवऱ्याला निरोध वापरायला सांगावे, ही अपेक्षा भाषणात सोपी वाटते. घरात ती मुलगी असे काही बोलली, तर तिच्याच चारित्र्यावर प्रश्न उभा राहण्याची शक्यता अधिक असते.

'ऑपरेशन' झाल्यानंतर

या वयाच्या गणिताला कुटुंबनियोजनाच्या पद्धतीची जोड मिळते. महाराष्ट्रात कुटुंबनियोजन म्हणजे प्रामुख्याने स्त्रीनसबंदी. याच सर्वेक्षणात राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले. लवकर लग्न, लागोपाठ दोन अपत्ये आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम गावोगाव रूढ आहे. त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांची स्त्री पाळणा कायमचा थांबवून मोकळी होते. गर्भधारणेच्या दृष्टीने ती सुरक्षित असते. पण निरोध मागण्यासाठी तिच्याकडे असलेले एकमेव सभ्य निमित्त, 'दिवस जातील' हे, त्याच दिवशी संपते. त्यानंतर निरोध मागणे म्हणजे पतीवर उघड संशय घेणे होय. तिचे वैवाहिक आयुष्य मात्र पुढे वीस-पंचवीस वर्षे उरलेले असते.

तांबी, 'छाया' गोळ्या किंवा २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलेले 'अंतरा' इंजेक्शन यांबाबतही हेच लागू आहे. ही साधने गर्भधारणा टाळतात. एचआयव्ही, गरमी, परमा किंवा कावीळ 'ब' यांपासून ती कसलेही संरक्षण देत नाहीत. गर्भनिरोधक इंजेक्शनामुळे उलट एचआयव्हीचा धोका वाढतो काय, अशी शंका अनेक वर्षे घेतली जात होती. तिचा निकाल लावण्यासाठी दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया आणि इस्वातिनी या चार देशांत ७ हजार ८२९ स्त्रियांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायची संप्रेरक कांडी यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. पण त्याच चाचणीतील दुसरा आकडा अधिक बोलका ठरला. या स्त्रिया केवळ गर्भनिरोधनासाठी आलेल्या होत्या. स्वतःला कोणीही 'जोखमीच्या गटातील' मानत नव्हते. तरीही वर्षाला दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जणींना नव्याने लागण झाली. तेथील साथ भारताच्या तुलनेत कितीतरी तीव्र आहे, त्यामुळे तो आकडा इकडे लावता येणार नाही. मात्र कुटुंबनियोजनाच्या खिडकीशी उभी असलेली स्त्री एचआयव्हीच्या चर्चेबाहेर ठेवता येत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

बागलकोट ते दर्बान

स्त्रीच्या हातातील पहिले साधन म्हणजे स्त्रियांसाठीचा निरोध. अमेरिकेत त्याला १९९३ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे भारतातही तो आला. हिंदुस्थान लॅटेक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीमार्फत तो बाजारात आणला गेला आणि 'नाको'ने महाराष्ट्रासह काही राज्यांत देहविक्रय करणाऱ्या महिलांपर्यंत तो सवलतीत पोहोचविला. गर्भधारणा आणि संसर्ग या दोहोंपासून संरक्षण देणारे, स्त्रीने स्वतः घालायचे असे हे आजही एकमेव साधन आहे. पण ते लपत नाही, साध्या निरोधापेक्षा महाग पडते आणि ते घालण्याची पद्धत एकदा कोणीतरी नीट समजावून द्यावी लागते. बारा-पंधरा वर्षांच्या संसाराला सरावलेल्या स्त्रीलाही ते परिचारिकेकडून शिकावे लागते. नवविवाहितेबद्दल तर बोलायलाच नको.

त्यानंतर आशा लागल्या त्या योनिमार्गात लावावयाच्या जेलकडे. हा इतिहास सोलापूरच्या अगदी शेजारून जातो. विजापूरच्या पलीकडील बागलकोट आणि चेन्नई ही भारतातील दोन ठिकाणे सेल्युलोज सल्फेट नावाच्या जेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत होती. जेल वापरणाऱ्या गटात संसर्ग कमी होण्याऐवजी अधिक दिसू लागल्याने जानेवारी २००७ मध्ये ती चाचणी थांबविण्यात आली. पुण्यात 'नारी'नेही दुसऱ्या एका, टेनोफोविरयुक्त जेलच्या सुरक्षिततेची चाचणी अमेरिकेतील केंद्रांबरोबर घेतली. एकूण २०० स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २००८ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत मांडले गेले आणि जेल सुरक्षित असल्याचे दिसले. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दर्बान परिसरात ८८९ स्त्रियांवर त्याच औषधाच्या जेलने संसर्ग ३९ टक्क्यांनी कमी केल्याचे जाहीर झाले, तेव्हा जगभर जल्लोष झाला. तो टिकला नाही. २०१५ मध्ये हाती आलेल्या मोठ्या चाचणीत जेलचा उपयोग सिद्ध होऊ शकला नाही.

गोळ्यांची कथा थोडी निराळी आहे. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची एकत्रित गोळी रोज एक घेतल्यास लागण टळते, हे सिद्ध होऊन अमेरिकेत २०१२ मध्ये तिला मान्यता मिळाली. लागण होण्याआधीच घ्यावयाच्या या औषधोपचाराला 'प्रेप' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मोठी जोखीम असलेल्या सर्वांसाठी त्याची शिफारस केली. पण आफ्रिकेतील तरुणींवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ही गोळी अपयशी ठरली होती. औषधात दोष नव्हता. रक्त तपासले असता बहुतेकींनी गोळ्या घेतल्याच नसल्याचे उघड झाले. घरात एचआयव्हीच्या औषधाची डबी सापडली तर 'हिलाच आजार आहे' असा बोभाटा होईल, ही भीती त्यामागच्या कारणांत होती. एका खोलीत पाच-सहा माणसे राहणाऱ्या पूर्वभागातील विडी कामगाराच्या घरात डबी लपवायची कुठे, हा प्रश्न दर्बानइतकाच सोलापुरातही खरा आहे.

भारतात प्रेपचा पहिला मोठा अनुभव देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या संघटनांकडून आला. कोलकात्यातील दरबार महिला समन्वय समिती आणि म्हैसूरची अशोदया समिती यांनी मिळून सुमारे तेराशे महिलांना प्रेपच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेण्याचे प्रमाण अतिशय चांगले राहिले आणि त्या काळात एकाही महिलेला नव्याने लागण झाली नाही. आफ्रिकेत जे जमले नाही ते येथे जमले, याचे कारण औषधापेक्षा त्यामागील संघटनेत शोधावे लागते. गोळी देणारी, आठवण करणारी आणि नावे न ठेवणारी व्यक्ती त्याच वस्तीतील होती. 'नाको'ने २०२२ मध्ये प्रेपसंबंधी तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गोळी सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही चाचणी नकारात्मक असणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचे कार्य आणि कावीळ 'ब' यांचीही तपासणी केली जाते. पहिल्या गोळीपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी काही दिवस सलग गोळ्या घ्याव्या लागतात आणि मध्ये खंड पडून चालत नाही.

महिन्यातून एकदा, वर्षातून दोनदा

रोजच्या गोळीचा हा जाच टाळण्यासाठी पुढची साधने आली. डॅपिविरिन या औषधाची सिलिकॉनची मऊ अंगठी स्त्री स्वतः योनिमार्गात बसवते आणि महिन्याने बदलते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या दोन चाचण्यांत तिने लागण सुमारे ३० टक्क्यांनी कमी केली. संरक्षण अपुरे असले तरी पतीच्या नकळत वापरता येईल असे साधन म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिरिक्त पर्याय या नात्याने तिची शिफारस केली. भारतातील सरकारी दवाखान्यांत ती उपलब्ध नाही.

इंजेक्शनांनी चित्र पालटले. कॅबोटेग्रॅविर हे दर दोन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आफ्रिकेतील ३ हजार २२४ स्त्रियांवरील चाचणीत रोजच्या गोळीपेक्षा इतके सरस ठरले, की नोव्हेंबर २०२० मध्ये चाचणी वेळेआधीच थांबवून निष्कर्ष जाहीर करण्यात आले. इंजेक्शनाच्या गटात चार, तर गोळीच्या गटात छत्तीस स्त्रियांना लागण झाली होती. त्यापुढचे लेनाकापॅविर वर्षातून फक्त दोनदा, पोटाच्या त्वचेखाली द्यावे लागते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील १६ ते २५ वर्षे वयाच्या ५ हजारांहून अधिक मुलींवर त्याची चाचणी झाली. लेनाकापॅविर मिळालेल्या २ हजार १३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२४ मध्ये हा निष्कर्ष आला, जून २०२५ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

किंमत मात्र डोळे पांढरे करणारी आहे. अमेरिकेत या इंजेक्शनाची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरहून अधिक ठेवण्यात आली. मूळ कंपनी गिलियडने ऑक्टोबर २०२४ मध्ये १२० देशांसाठी सहा उत्पादकांना परवाने दिले. त्यात डॉ. रेड्डीज, हेटेरो आणि पुण्याची एमक्युअर या भारतीय कंपन्या आहेत. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये दरमाणशी, या किमतीत हे औषध गरीब देशांना पुरविण्याची घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. पुण्याच्या कारखान्याला परवाना मिळालेले हे औषध पुण्यापासून अडीचशे किलोमीटरवरील सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात केव्हा दिसेल, ते केंद्राच्या निर्णयावर अवलंबून राहील. इंजेक्शन आणि अंगठी या दोहोंबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : ही साधने केवळ एचआयव्ही रोखतात. गर्भधारणा आणि इतर गुप्तरोग यांच्यासाठी वेगळी काळजी घ्यावीच लागते.

पतीवर उपचार हेही तिचे संरक्षण

ज्या दांपत्यात पतीला लागण झाली आहे आणि पत्नीला नाही, तेथे सर्वांत परिणामकारक उपाय पतीवरील उपचार हाच आहे. पुणे आणि चेन्नईसह अनेक देशांतील १ हजार ७६३ दांपत्यांच्या चाचणीत, लागण झालेल्या जोडीदाराला लवकर एआरटी सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये दिसून आले. भारतात एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून लागण निश्चित होताच, रोगप्रतिकारक पेशींची संख्या न पाहता, ती सुरू केली जाते. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका घटला, की शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सर्वमान्य आहे.

अडचण चाचणीची आहे. गरोदर स्त्रीची एचआयव्ही चाचणी पहिल्याच नोंदणीत होते. तिच्या पतीची चाचणी होईलच असे नाही. तिचा अहवाल नकारात्मक आला की फाइल मिटते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने सातव्या महिन्यानंतर ती अक्कलकोट किंवा इंडी तालुक्यातील माहेरच्या दवाखान्यात जाते आणि सासरच्या परिचारिकेचा धागा तेथेच तुटतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत लागणीचा धोका एरवीपेक्षा अधिक असतो, असे आफ्रिकेतील अभ्यासांत आढळले आहे. नेमक्या त्याच काळात ती आरोग्य यंत्रणेच्या नजरेआड असते.

कोणते दार?

सरकारी रुग्णालयांत गुप्तरोग आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गासाठी 'सुरक्षा क्लिनिक' चालविली जातात. लक्षणांनुसार रंगांच्या संचांतून तेथे मोफत औषधे मिळतात. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर हिरवा संच, खालच्या पोटात दुखण्यावर पिवळा, अशी ती योजना आहे. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत आणि गोपनीय असते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राज्यात 'मैत्री क्लिनिक' या नावाने केंद्रे आहेत आणि २०१४ पासून ती राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग झाली. कुटुंबनियोजनाची खोली वेगळी, गरोदर स्त्रियांची वेगळी. कागदावर दारे पुष्कळ आहेत. एकाच स्त्रीने किती दारे ठोठवावीत, याचा विचार या मांडणीत कमी दिसतो.

सोलापुरातील विडी कामगार स्त्रीचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. शहर आणि परिसरात साठ-सत्तर हजार स्त्रिया विड्या वळतात, असे सांगितले जाते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. दवाखान्याच्या रांगेत सकाळ गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. तिच्या घरची भाषा बहुधा तेलुगू असते. तिच्या शेजारणीची कन्नड. पांढरे जाते, पाळी चुकली, तांबी बसवायची, अशा कोणत्याही कारणाने ती एकदा आली, की त्याच खोलीत, त्याच परिचारिकेकडून तिच्या जोखमीची चौकशी, चाचणी, निरोध आणि पुढे उपलब्ध होतील ती साधने, हे सारे मिळाले पाहिजे. 'तुला एचआयव्हीचा विभाग पलीकडे' असे सांगून दुसऱ्या इमारतीत पाठविलेली स्त्री तेथे पोहोचत नाही. त्या दारावरच्या पाटीखाली कोणी ओळखीचे भेटेल, ही भीती पुरेशी असते.

यात एक विसंगती ठळक आहे. देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी 'नाको'च्या कार्यक्रमात दर तीन महिन्यांनी आरोग्य तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि गरमीची चाचणी, वस्तीतील शिक्षित सहकारी आणि मोफत निरोध अशी बांधीव व्यवस्था आहे. सोलापुरात क्रांती महिला संघासारख्या त्यांच्याच संघटनेने हे काम केले आहे. शेजारच्या गल्लीत सून म्हणून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी त्यातले काहीच नाही. तिला समाज आणि यंत्रणा दोघेही 'सुरक्षित' समजतात. जोखीम आहे पण लागण नाही, अशा सर्वांना एका छताखाली सेवा द्यावी, या विचाराने 'नाको'ने २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यात 'संपूर्ण सुरक्षा केंद्रां'ची कल्पना पुढे आणली. तिचा लाभ नवविवाहितांपर्यंत नेता आला, तर हे अंतर कमी होऊ शकेल.

बार्शीचा अनुभव

ग्रामीण स्त्रिया असल्या तपासणीला येणार नाहीत, हे कारण सोलापूर जिल्ह्यात तरी कोणी पुढे करू नये. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. याच रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साथीने शेजारच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मोठी चाचणी घेतली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. एचपीव्ही विषाणूसाठी केवळ एकदा केलेल्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याने घटले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरातील धोरणांवर त्याचा परिणाम झाला. आरोग्य सेविका गावात गेल्या, स्त्रियांशी त्यांच्या भाषेत बोलल्या आणि अंतर्गत तपासणीसारखी संकोचाची गोष्टही शक्य झाली. एचआयव्ही झालेल्या स्त्रीला हाच कर्करोग होण्याची शक्यता सहापट असते, त्यामुळे या दोन कामांची सांगड वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे.

अठराव्या वर्षाची भिंत

कायद्याच्या बाजूने मात्र एक पेच आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने (अंमल सप्टेंबर २०१८ पासून) संमतीशिवाय चाचणी आणि अहवाल उघड करण्यास मनाई केली, नोकरी, शिक्षण आणि उपचारांत भेदभाव करण्यास बंदी घातली. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या चाचणीसाठी मात्र पालकाची संमती लागते. दुसरीकडे, २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा असून तो कळल्यावर पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीबाबत पतीला असलेली सूटही काढून घेतली. बालविवाहाविरुद्ध हे पाऊल आवश्यकच होते. पण ज्या जिल्ह्यात दहापैकी चार मुलींची लग्ने लवकर झाली, तेथे सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी दवाखान्यात जायला कचरते, खासगीत वय वाढवून सांगते किंवा जातच नाही. तिची माहिती गोपनीय राहील आणि उपचार अडणार नाहीत, याची खात्री समुपदेशकाला देता आली पाहिजे. शाळेत तरी आधी काही कळावे, तर २००७ मध्ये विधिमंडळातील गदारोळानंतर राज्यात लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच रोखण्यात आला होता. त्या वर्षी शाळेत असलेल्या मुली आज तिशीच्या आसपासच्या आया आहेत.

आज काय मिळते?

नवी साधने सर्वत्र पोहोचेपर्यंतही काही सेवा हाताशी आहेत. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे सोलापूरकरांच्या 'सिव्हिल'मध्ये, तसेच ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते. निरोध प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आशा कार्यकर्तीकडे मिळतो. प्रेपच्या गोळ्यांबाबत समुपदेशन केंद्रात किंवा तज्ज्ञ डॉक्टरांकडे विचारणा करता येते. बलात्कार झाल्यास किंवा लागण असलेल्या व्यक्तीशी असुरक्षित संबंध आल्यास लागण रोखणारी औषधे जितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, सुरू करावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. अत्याचारग्रस्त स्त्रीवर मोफत उपचार करण्याचे बंधन २०१३ पासून सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांवर आहे. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदविण्याची अट घालता येत नाही. एचआयव्हीसंबंधी कोणतीही शंका नाव न सांगता विचारण्यासाठी 'नाको'ची १०९७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.